मागील सभेचे इतिवृत्त

शनिवारी सकाळी साडेसात वाजता पितांबर बैसाणे ऊर्फ आबा यांच्या घराच्या मागच्या पडवीत, पायपुसण्यावर, कुत्र्याचं एक पिल्लू झोपलेलं आढळलं. 'आढळलं' हा शब्द आबांचा. सून प्रज्ञा नुसतंच 'आलंय' म्हणत होती. मुलगा राजदीप काहीच म्हणत नव्हता. बायको आणि वडील एकाच वेळी बोलत असताना आपण बोलायचं नाही, हे तो लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकला होता.

"कोणाच्या परवानगीने?" आबांनी विचारलं.

पिल्लाने एक डोळा उघडला, आबांना पाहिलं आणि तो पुन्हा मिटून घेतला.

"आबा, ते काय अर्ज करून येणार आहे का?" प्रज्ञा म्हणाली. "चार होती. तीन गेली. दोन तर पिंपळनेर रस्त्यावर गाडीखालीच. हे एकटं राहिलंय. ठेवून घेऊ या ना."

"मंदाला कुत्रं आवडायचं नाही."

हे वाक्य आलं की त्या घरात विषय संपत असे. आबांच्या बायकोला, मंदाबाईंना, जाऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत त्यांच्या नावडीची यादी वाढतच चालली होती. मंदाला टीव्हीचा आवाज आवडायचा नाही, म्हणून टीव्ही बंद. मंदाला दुपारी कोणी आलेलं आवडायचं नाही, म्हणून दार बंद. बाई हयात असताना दिवसभर टीव्ही बघायच्या आणि अर्धी गल्ली त्यांच्या ओट्यावर बसलेली असायची. पण हे आबांना सांगायचं कोणी?

त्या दिवशी मात्र प्रज्ञाने नेट धरला. ती उपकेंद्रात नर्स होती, सुईला घाबरून पळणारी माणसं धरून आणायची तिला सवय होती. "आईंना आवडायचं नाही हे कुठे लिहिलंय?" ती म्हणाली.

"असले निर्णय पडवीत उभं राहून होत नसतात," आबा चिडून म्हणाले. "त्यासाठी सभा घ्यावी लागते."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय बोललो.

"घ्या मग," प्रज्ञा शांतपणे म्हणाली. "आठ महिने झाले, एकही झालेली नाही."

या घरातल्या सभांची गोष्ट अशी. बावीस वर्षांपूर्वी साक्रीत हे घर बांधलं, तेव्हा पुढच्या दाराला रंग कोणता द्यायचा यावरून आबा आणि मंदाबाई यांच्यात तीन दिवस अबोला होता. चौथ्या दिवशी आबांनी एक जाडजूड नोंदवही आणली, तिच्या पहिल्या पानावर संविधानाची उद्देशिका चिकटवली आणि जाहीर केलं, की यापुढे या घरात भांडण होणार नाही, सभा होईल. ते तेव्हा पंचायत समितीत होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दुसऱ्यांच्या सभांची इतिवृत्तं लिहून बोटं झिजवली, त्यामुळे निदान स्वतःच्या घरी तरी आपण अध्यक्ष व्हावं, असं त्यांना वाटलं तर त्यात चूक काही नाही.

अध्यक्षाने स्वतः इतिवृत्त लिहायचं नसतं. म्हणून ते काम मंदाबाईंकडे आलं. त्या सातवी शिकलेल्या, अक्षर टपोरं, एकेक शब्द भाकरीसारखा थापून ठेवलेला. आबा कचेरीच्या लिलावातून आणलेल्या हातांच्या लाकडी खुर्चीवर बसून मजकूर सांगत आणि मंदाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून तो लिहून घेत. त्या तिथे बसत, कारण सभा चालू आहे म्हणून वरण उतू जायचं थांबत नाही.

प्रत्येक सभेत विषय क्रमांक एक ठरलेला असायचा: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. आबा म्हणायचे, "वाचलं असं समजून कायम," आणि सभा संपली की त्या दिवसाच्या इतिवृत्तावरही मंदाबाईंच्या अक्षराखाली लगेच झोकात सही ठोकायचे. कचेरीत येणाऱ्या प्रत्येक सरपंचाला 'वाचल्याशिवाय सही करू नका हो' असं बजावणारा हा माणूस घरात बावीस वर्षं न वाचता सह्या करत आला होता. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "मीच सांगितलेलं मी काय वाचायचं?"

शेवटची सभा ऑगस्टमध्ये झाली. त्यानंतर तीन आठवड्यांनी मंदाबाई गेल्या आणि वही कपाटावर गेली. तेव्हापासून घर सभेवाचून चाललं होतं, म्हणजे खरं तर चालत नव्हतं. पडवीतला दिवा गेला तो गेलाच. गच्चीवरची टाकी कोणी धुतली नाही, त्यामुळे नळाच्या पाण्याला शेवाळाचा वास यायला लागला आणि चहालाही तोच वास. आबा दुपारी घरात एकटे जेवायचे. राजदीप शाळेत शिकवायला, प्रज्ञा उपकेंद्रात. ताट वाढून घ्यायचं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहत दोन घास गिळायचे, ताट धुऊन ठेवायचं. कोणी विचारलं तर म्हणायचे, जेवलो. पोटभर का, असं विचारायला आता कोणी नव्हतं.

वही खाली काढायची म्हणजे ते शेवटचं पान उघडायचं. ते पान उघडायची आबांची छाती होत नव्हती, आणि एवढी साधी गोष्ट घरातल्या दोन शिकल्यासवरल्या माणसांना सांगायचीही होत नव्हती. पिल्लाचा खरा गुन्हा होता तो हाच.

"सात दिवसांची नोटीस लागेल," आबांनी वेळ काढला. "पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता. तोपर्यंत जैसे थे."

'जैसे थे' म्हटल्यावर आपण सुटलो, असं आबांना वाटलं. पण तासाभरातच ते स्वतःच्या शब्दात अडकले. पिल्लाला हाकलायला ते झाडू घेऊन पडवीत गेले, तर प्रज्ञाने अडवलं. "आबा, जैसे थे आहे. हाकलता येणार नाही."

"बरं. पण खायला घालायचं नाही."

इथे राजदीप आयुष्यात पहिल्यांदा बोलला. "आबा, उपाशी ठेवलं तर ते वाळेल. मग जैसे थे कसं राहील?"

आबांनी विचार केला. मुद्दा बिनतोड होता. पिल्लाला दूध-पोळी सुरू झाली. मंगळवारपर्यंत त्याचं पोट असं सुटलं, की ते खाऊन जैसे थे राहत नाही, हेही उघड झालं.

नोटिशीच्या कागदावर आबांनी सवयीने चार सभासदांची नावं लिहिली, प्रत्येकापुढे सहीसाठी रेघ ओढली. पितांबर, राजदीप, प्रज्ञा आणि दुसऱ्या क्रमांकावर सौ. मंदाबाई. हात आपोआप चालला होता. पुढच्या रेघेवर काय लिहावं हे न कळून त्यांनी थोडा वेळ पेन नुसतंच धरलं आणि मग लिहिलं, 'रजेवर'. प्रज्ञा चहा घेऊन आली तेव्हा तिने ते वाचलं. कप ठेवला आणि आत निघून गेली.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण पद्धत म्हणजे पद्धत. ज्या निर्णयाचा शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव होऊ शकतो, त्यावर हरकती मागवाव्या लागतात. आबांनी नोटिशीची एक प्रत पुढच्या दारावर चिकटवली: 'सदर घरात कुत्र्याचे एक पिल्लू ठेवून घेणेबाबत ज्यांच्या हरकती व सूचना असतील त्यांनी त्या शनिवारपर्यंत लेखी द्याव्यात.'

दुपारपर्यंत कोणी तरी तिचा फोटो काढून गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. संध्याकाळी दारातून अकरा चिठ्ठ्या आत आल्या. त्यातल्या तीन जणांनी नोटीस नगरपंचायतीची समजून नळाला पाणी कधी येणार असं विचारलं होतं. एकाने बारशाचं आमंत्रण दिलं होतं, कारण येतच होता तर देऊन गेला. समोरच्या लताबाई लेखी काही न देता स्वतःच आल्या. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी.

"आबा, तुमनं पिल्लू मन्ही चप्पल लई गयं," त्या म्हणाल्या.

"ते आमचं नाही अजून," आबा म्हणाले. "विषय सभेपुढे आहे."

"मंग चप्पल कोनी देवाची? सभानी?"

चप्पल पडवीत पायपुसण्याखाली सापडली. तिचा अंगठा शिल्लक नव्हता. लताबाई ती हातात घेऊन गल्लीभर दाखवत गेल्या, आणि ज्या चार घरांना पिल्लाची खबर नव्हती त्यांनाही ती लागली.

बुधवारी झुलालनाना आले. हे कोपऱ्यावरच्या घरातले. त्यांची शेती पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. नानांची हरकत नव्हती, मागणी होती.

"आबा, माले दी टाका ते पिल्लू," नाना ओट्यावर टेकत म्हणाले. "मन्हा मकामा रानडुकरं येतस. राखनले कुत्रं पाहिजे. तुमना घरमा नको असी तं मी लई जास."

आबांना एकदम मोकळं वाटलं. पिल्लाची सोय झाली, म्हणजे सभा नको. सभा नको, म्हणजे वही नको. "घेऊन जा, नाना," ते म्हणणारच होते, पण चौतीस वर्षांची सवय आडवी आली. आधीची स्थिती विचारल्याशिवाय त्यांनी कधी कुठल्या कागदावर शेरा मारला नव्हता.

"आधी कुत्रं नव्हतं का तुमच्याकडे?"

"व्हतं ना. बिबट्या लई गया."

"आणि त्याच्या आधी?"

"तेबी बिबट्या लई गया. तीन लई गया एक सालमा." नाना सरळ माणूस, लपवाछपवी त्यांना जमत नसे. "पन मका वाचना ना, आबा! बिबट्या कुत्रासाठे येस, त्येना धाकमा डुकरं येत नही."

आबांनी आत पाहिलं. पिल्लू पडवीत स्वतःची शेपटी पकडायचा प्रयत्न करत होतं आणि ती सापडत नसल्याचं त्याला फार आश्चर्य वाटत होतं.

"सभा झाल्यावर कळवतो," आबा म्हणाले.

"रविवारले सकायले येसू. जीप त्याच बाजूले जाई राह्यनी. ठराव जया तं ठीक, नही तं मी लई जास."

अशी ती वेळ ठरली. रविवारी ठराव झाला तर पिल्लू घरात, नाही झाला तर मक्याच्या शेतात. आणि मक्याच्या शेतात म्हणजे कुठे, ते आबांना आता माहीत होतं. ठराव होण्यासारखा नव्हता. प्रज्ञा बाजूने, आबा विरुद्ध, आणि राजदीप बावीस वर्षांत प्रत्येक मतदानाला तटस्थ राहिलेला. तो शाळेत शिकत असतानाही तटस्थ होता. पूर्वी असं झालं की मंदाबाई उंबऱ्यावरून हात वर करायच्या आणि पळी घेऊन परत आत वळायच्या.

गुरुवारी दुपारी आबा जेवायला बसले तेव्हा पिल्लू येऊन समोर बसलं. त्याने काही मागितलं नाही. आबा घास घेत तेव्हा ते घासाकडे बघे, आबा थांबले की आबांकडे बघे. "हे बरं नाही," आबा त्याला म्हणाले. "मी विरोधी पक्षाचा माणूस आहे." मग जैसे थेच्या सबबीखाली त्यांनी त्याला अर्धी पोळी घातली, आणि ते खातंय तोवर आपणही थांबू म्हणून स्वतः एक पोळी जास्त खाल्ली. शुक्रवारी त्यांनी झुलालनानांना गाठून, बिबट्या साधारण कुठल्या महिन्यात येतो, अशी सहज चौकशी केली. नाना म्हणाले, त्येनं काय कॅलेंडर नही शे.

शनिवारी आबांना जेवण गेलं नाही. आपल्याला त्या पिल्लाचं वाईट वाटतंय, हे त्यांना कळत होतं. पण बाजूने मत द्यायचं तर आधी सभा, आणि सभा म्हटली की ते पान. शिवाय मंदाला खरंच कुत्रं आवडत नसेल तर? ती गेल्यावर आठ महिन्यांत तिच्या मनाविरुद्ध घरात एक जीव आणून ठेवायचा? आबा गच्चीवर जाऊन उगाच टाकीचं झाकण उघडून बघून आले. आत हिरवंगार होतं.

रविवारी दहाला पाच कमी असताना आबा खुर्चीवर बसले. राजदीप सतरंजीवर, प्रज्ञा त्याच्या शेजारी वही मांडीवर घेऊन. वहीवरची धूळ तिने पदराने पुसली होती. उंबऱ्यापाशी पाट कोणी मांडला होता कळलं नाही. पण तो होता, आणि रिकामा होता. पिल्लू सतरंजीच्या टोकावर झोपलेलं. दहाच्या ठोक्याला झुलालनाना आले, काखेत रिकामी गोणी.

"बसा नाना," आबा म्हणाले. "सभा चालू होतेय. तुम्हाला बोलता येणार नाही, ऐकता येईल."

"हाई काय शे ते तं दखू," म्हणत नाना दाराशी बसले.

"विषय क्रमांक एक," आबांनी घसा साफ केला. "मागील सभेचे इतिवृत्त. वाचलं असं समजून कायम. विषय क्रमांक दोन..."

"माझी हरकत आहे," प्रज्ञा म्हणाली.

बावीस वर्षांत या वाक्यावर कोणी हरकत घेतली नव्हती.

"मागच्या सभेला मी ड्यूटीवर होते," प्रज्ञा म्हणाली. "काय झालं मला माहीत नाही. जो सभासद गैरहजर होता त्याने मागणी केली, तर इतिवृत्त वाचावंच लागतं. हे तुम्हीच मला सांगितलंय, आबा. लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी."

सांगितलं होतं. नियम खरा होता. आबांनी राजदीपकडे पाहिलं; तो अर्थातच तटस्थ होता.

"विशेष काही नाही त्यात," आबांचा आवाज खाली आला. "टाकी धुण्याचा विषय होता. आणि मंदाच्या तब्येतीचा. वाच."

प्रज्ञाने पान उघडलं. अक्षर टपोरंच होतं, फक्त ओळी खाली उतरत गेल्या होत्या. ती वाचू लागली.

"'हजर: अध्यक्ष, राजदीप आणि मी. विषय एक. मागील इतिवृत्त न वाचता कायम. विषय दोन. गच्चीवरची टाकी दिवाळीच्या आत धुवावी. जबाबदारी अध्यक्षांची.'"

"माझी?" आबा म्हणाले. "मी राजदीप म्हणून सांगितलं होतं!"

"इथे अध्यक्ष लिहिलंय. खाली तुमची सही आहे," प्रज्ञा म्हणाली आणि पुढे वाचायला लागली. "'विषय तीन. सौ. मंदाबाई लवकरच पूर्ण बऱ्या होतील, असा ठराव अध्यक्षांनी मांडला. अनुमोदक कोणी नाही. ठराव बारगळला.'"

दाराशी झुलालनानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. राजदीप सतरंजीचा धागा ओढत होता. मागच्या सभेला तो इथेच बसला होता. आई लिहीत होती, त्याने बघितलं होतं; काय लिहितेय हे विचारलं नव्हतं.

"पुढे?" आबांनी विचारलं.

"'अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळचे विषय,'" प्रज्ञाने वाचलं आणि ती थांबली. तिने वही पुढे केली. "आबा, हे तुम्ही वाचा."

आबांनी चष्मा लावला. ऐन वेळचे विषय त्या दिवशी नव्हतेच. त्यांनी एकही सांगितला नव्हता. तरी पान भरलेलं होतं.

'एक. मी धुळ्याला दवाखान्यात होते त्या सभेत अध्यक्षांनी माझ्या नावापुढे रजेवर लिहिलं. मी बावीस वर्षांत रजा घेतली नाही. यापुढे मी नसेन तेव्हा रजेवर लिहू नये, खरं आहे ते लिहावं.

'दोन. मागच्या दारी काळी कुत्री येते. तिला मी सहा वर्षं भाकर घालते. अध्यक्षांना माहीत नाही. तिची पिल्लं एकही जगत नाहीत. पुढच्या खेपेला एक तरी घरात घ्यावं. दुपारी घरात कोणी नसतं, अध्यक्ष एकटे जेवायला बसले की धड जेवत नाहीत. समोर कोणी बसलं तर जेवतील. ते नाही म्हणतील. ते मत धरू नये.

'सूचक: मंदाबाई बैसाणे. अनुमोदक:'

पुढे जागा कोरी होती. आणि त्या कोऱ्या जागेखाली, झोकात, अध्यक्षांची सही.

आबांनी ते पान पुन्हा वाचलं, मग परत एकदा वाचलं. बावीस वर्षं त्यांनी एक शब्दही वाचला नव्हता, त्याची भरपाई चालली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्यांनी पुसलं नाही. "सहा वर्षं," ते म्हणाले. "सहा वर्षं भाकर घालत होती. मला वाटायचं भाकरी उरत कशा नाहीत."

"म्हणजे ठराव झालेलाच आहे," राजदीप हळूच म्हणाला.

"नाही झाला," आबा म्हणाले. "अनुमोदक नाही. अनुमोदन नसलेला ठराव बारगळतो."

"मग तुम्ही द्या अनुमोदन."

"अध्यक्षाला देता येत नाही. खुर्चीवरून नाही देता येत."

झुलालनानांनी गोणी उलगडली आणि पुन्हा घडी केली. मग आबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. त्यांना वाटलं होतं गुडघे दुखतील, ते दुखलेच. दोन पावलं चालून ते उंबऱ्यापर्यंत गेले आणि भिंतीला धरून त्या पाटावर बसले. तिथे ते आयुष्यात प्रथमच बसत होते.

त्या पाटावरून सगळं स्वयंपाकघर दिसत होतं, त्याच्यापलीकडे पडवी, आणि पडवीचं उघडं दार. दाराबाहेर उन्हात एक काळी कुत्री बसली होती. हडकलेली, कान फाटलेला. ती आत येत नव्हती, भुंकतही नव्हती. ज्या सवयीने आबांनी नोटिशीवर चार नावं लिहिली, त्याच सवयीने ती आठ महिने येत असावी. खुर्चीवरून मागचं दार कधी दिसतच नव्हतं.

"वही आण," आबा म्हणाले. प्रज्ञाने वही आणली. कोऱ्या जागेवर त्यांनी लिहिलं: पितांबर बैसाणे, सभासद.

"नाना," त्यांनी पाटावरूनच सांगितलं, "पिल्लू देता येत नाही. ठराव झालाय."

"आत्ते जया?"

"नाही. ऑगस्टमध्ये. आठ महिने होऊन गेले."

नानांनी पिल्लाकडे पाहिलं, बोटांवर मोजलं आणि पुन्हा पाहिलं. "आबा, पिल्लू तं दोन महिनानं शे!"

"मंदाचं काम असंच असायचं," आबा म्हणाले. "आगाऊ."

नाना उठले. गोणी त्यांनी काखेत मारली, दाराबाहेर पाऊल टाकलं आणि मग परत येऊन ती सतरंजीवर ठेवली. "आठेच ऱ्हाऊ द्या. निजाले कामी ई त्येले," ते झोपलेल्या पिल्लाकडे बघत म्हणाले. "मकानं दखसू काय ते."

ते गेल्यावर आबांनी नोटिशीचा कागद मागितला. दुसऱ्या क्रमांकावरचं 'रजेवर' त्यांनी एका रेघेने खोडलं, खोडल्याजागी नियमाप्रमाणे सही केली, आणि पुढे खरं होतं ते लिहिलं. राजदीप उठून त्यांच्याजवळ येऊन बसला, आणि या वेळी तो तटस्थ नव्हता. तो हुंदके देत होता. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "टाकी आज धुऊ," ते म्हणाले. "जबाबदारी माझी आहे, पण शिडी तू धर."

प्रज्ञाने डब्यातली भाकर काढून आबांच्या हातात दिली. त्यांनी तिचे दोन तुकडे केले. एक पडवीच्या दाराबाहेर ठेवला आणि दुसरा हातात घेऊन ते पाटावर परत आले. पिल्लू जागं होऊन त्यांच्या पुढ्यात बसलं.

"सभा संपली का आबा?" प्रज्ञाने विचारलं. "स्वयंपाकाचं बघू?"

"इतिवृत्त दे. सही करतो."

"अजून लिहिलंच नाही मी."

"लिही मग," आबा म्हणाले. "मी बसतो इथे. वाचल्याशिवाय सही करणार नाही."